फोनची ओळख लपवायला काय काय लावून बघितलं आणि त्यातलं काय चाललं

बेळगावच्या वडगावात आमचं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं छोटं दुकान आहे, त्यामुळं दिवसाला पंधरा-वीस जणांचे फोन माझ्या हातातनं जातात. कुणाचा ओटीपी बघायचा असतो, कुणाचं आधारचं पीडीएफ सापडत नसतं, कुणाला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे पैसे जमा झाले का ते बघायचं असतं. आणि एक प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता तोंडपाठ झालाय, "ताई, मी एकदाच बघितलं हो ते, आता जिकडं तिकडं तेच दिसतंय, फोन आमचं बोलणं ऐकतोय काय?"

पण मी हा विषय खरा मनावर घेतला तो वैनीमुळं. तिला विचारूनच लिहितेय. लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही, तर दादा-वैनीनं ट्रीटमेंट घ्यायचं ठरवलं आणि काही नक्की होईपर्यंत घरात सांगायचं नाही असंही ठरवलं. वैनीनं पाळीच्या तारखा लिहायचं एक ऍप टाकलं, कोल्हापूर आणि हुबळीची सेंटरं बघितली, खर्च किती येतो ते बघितलं, बस एवढंच. पुढच्या एकादशीला आईनं हरिपाठ लावायला वैनीचा फोन मागून घेतला आणि मध्येच टेस्ट ट्यूब बेबीची जाहिरात लागली, ती संपली तर खाली दुसरी, त्यात पण तेच. आई काही बोलली नाही. फोन ओट्यावर ठेवला आणि देवघरात जाऊन बसली. वैनी भाकरी थापत होती, तिचा हात तसाच परातीत थांबलेला मी बघितला. घरातली एवढी नाजूक गोष्ट, ती कधी कशी सांगायची हे त्या दोघांनी ठरवायचं होतं, ते एका जाहिरातीनं ठरवून टाकलं. त्या रात्री मी ठरवलं की हे कसं होतं ते समजून घ्यायचं आणि बंद करता येतं तेवढं करायचं. तीन महिने घरातल्या चार फोनवर आणि दुकानातल्या एका जुन्या फोनवर सगळं लावून बघितलं, त्याचा हा रिव्ह्यू.

पहिल्यांदा एक गोष्ट, कारण तिथंच सगळे फसतात. फोनची ओळख म्हणजे एक नंबर नव्हे, चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आयएमईआय हा फोनचा पंधरा आकडी नंबर, स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की दिसतो. मग अँड्रॉइड आयडी, म्हणजे अँड्रॉइडनं ऍपसाठी दिलेला नंबर, मग मॅक ऍड्रेस, म्हणजे वायफायला जोडताना दिसणारा फोनचा नंबर, मग जाहिरातवाल्यांसाठी खास दिलेला ऍडव्हर्टायझिंग आयडी, आणि शेवटी फिंगरप्रिंट, म्हणजे तुमच्या बोटाचा ठसा नाही, तर फोनचं मॉडेल, स्क्रीनची साईझ, ग्राफिक्सची चिप, भाषा, टाईमझोन असं सगळं जुळवून केलेली ओळख. यातल्या पहिल्या तिघांचं बरंचसं काम अँड्रॉइडनंच करून ठेवलंय. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक कंपनीच्या ऍपला अँड्रॉइड आयडी वेगळा दिसतो, म्हणजे किराणाच्या ऍपला दिसणारा आणि बातम्यांच्या ऍपला दिसणारा आयडी जुळत नाही. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून प्ले स्टोअरवरच्या साध्या ऍपला आयएमईआय वाचताच येत नाही, आणि वायफायला जोडताना प्रत्येक नेटवर्कला खोटा मॅक ऍड्रेस दाखवला जातो. म्हणजे तुमचा फोन पाच-सहा वर्षांपूर्वीचा असला तरी या बाजूनं तुम्ही बऱ्यापैकी झाकलेले आहात.

हे मला सुरवातीला माहीत नव्हतं, म्हणून मी पण तेच केलं जे सगळे करतात, डिव्हाईस आयडी बदलून देतो म्हणणारी दोन ऍप दुकानातल्या जुन्या फोनवर टाकली. नावं देत नाही, कारण अशी शंभर आहेत आणि सगळी एकाच साच्यातली. पहिल्यानं उघडल्या उघडल्या रूट मागितलं. रूट म्हणजे फोनचं कुलूप पार काढून टाकणं, आणि तसं केलं की बँकेची आणि यूपीआयची ऍप बऱ्याचदा चालत नाहीत. माझ्या जुन्या फोनवर एका बँकेचं ऍप उघडेनाच, सरळ बाहेर फेकलं. दुसऱ्यानं रूट मागितलं नाही पण कॉन्टॅक्ट, लोकेशन आणि फोटो मागितले. अहो, आयडी बदलायला माझ्या मामाचा नंबर कशाला पाहिजे? नको म्हटलं तर पुढंच जाईना. वर दर दोन मिनिटाला पूर्ण स्क्रीनची जाहिरात. जाहिरातवाल्यांपासनं लपवतो म्हणणारं ऍप स्वतःच जाहिरातीवर पोट भरतंय, म्हणजे चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यासारखं झालं. आणि एवढं करून बदलतं काय, तर तो एक आकडा, ज्याचा आता तसाही फारसा उपयोग राहिलेला नाही. दोन्ही दुसऱ्या दिवशी काढून टाकली. एक सुद्धा स्टार नाही.

बाजारात एका मोबाईल रिपेअरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "आयएमईआयच बदलून देतो की, पाचशे द्या." हे मात्र कुणीही, कधीही करू नका. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात आयएमईआयसारख्या ओळखीत फेरफार केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं आहे. आणि तो नंबर आपल्या उपयोगाचा पण आहे, फोन चोरीला गेला तर संचार साथी या सरकारी साईटवर तोच टाकून फोन ब्लॉक करता येतो. मागच्या गणपतीत खडेबाजारातल्या गर्दीत आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा फोन गेला, तेव्हा जुन्या बिलावर आयएमईआय होता म्हणून मी दुकानातनंच त्यांचा ब्लॉक करायचा फॉर्म भरून दिला. लपवायचं आहे ते जाहिरातीच्या धंद्यापासनं, पोलिसांपासनं आणि नेटवर्कपासनं नाही, एवढा फरक मनात पक्का ठेवला की पुढचं सगळं सोपं जातं.

आता चाललेल्या गोष्टी. सगळ्यात पहिली फुकट आहे, फोनमध्येच आहे आणि मी ज्यांचे ज्यांचे फोन बघितले त्यातल्या एकाही फोनवर ती केलेली नव्हती. सेटिंगमध्ये गूगल, त्यात ऍड्स, तिथं डिलीट ऍडव्हर्टायझिंग आयडी असं बटण आहे. काही फोनवर ते प्रायव्हसीच्या आत लपलेलं असतं, वरच्या सर्चमध्ये ऍड्स टाईप केलं की सापडतं. हा आयडी म्हणजे गावातल्या सगळ्या दुकानदारांनी मिळून तुमच्या पाठीवर चिकटवलेली एकच चिठ्ठी समजा. बातम्यांच्या ऍपला, गेमला, पाळीच्या ऍपला, सगळ्यांना तोच दिसतो, म्हणूनच एकानं बघितलेलं दुसऱ्याला जोडता येतं. डिलीट केलं की जे ऍप तो मागेल त्याला ओळीनं नुसती शून्यं मिळतात. जुन्या फोनवर फक्त रीसेट होत होता, म्हणजे जुनी चिठ्ठी काढून नवी चिकटवायची, पण २०२१ च्या शेवटापासनं अँड्रॉइड १२ वर पूर्ण डिलीट आलं आणि २०२२ मध्ये गूगलची प्ले सर्व्हिस असलेल्या इतर फोनवर पण. वैनीच्या फोनवर हे करायला एक मिनिट लागला नाही. आयफोनवाल्यांना २०२१ च्या एप्रिलपासनं, म्हणजे आयओएस १४.५ पासनं, प्रत्येक ऍप आधी विचारतं की ट्रॅक करू का, तिथं नको म्हणायचं, तोच प्रकार. आमच्याकडं आयफोन फक्त धाकट्या चुलतभावाकडं आहे, त्यामुळं त्यावर जास्त लिहीत नाही.

पण नुसतं एवढ्यानं भागत नाही, कारण ऍपच्या आत दुसऱ्या कंपन्यांचे ट्रॅकर, म्हणजे तुमच्यावर नजर ठेवणारे प्रोग्रॅमचे तुकडे, बसवलेले असतात आणि ते आयडी नाही मिळाला तर बाकीच्या गोष्टी गोळा करतात. इथं मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे डकडकगो ब्राऊझरमधलं ऍप ट्रॅकिंग प्रोटेक्शन. खास याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला बसले म्हटलं तरी चालेल. २०२२ च्या नोव्हेंबरपासनं ते अँड्रॉइडवर सगळ्यांना मिळतंय, फुकट आहे, रूट लागत नाही, अकाउंट लागत नाही. चालू केलं की फोन विचारतो व्हीपीएन जोडू का, व्हीपीएन म्हणजे फोनचं सगळं नेट दुसऱ्याच्या सर्व्हरवरनं फिरवून नेणारी सोय, पण त्याला घाबरू नका, तो फोनच्या आतलाच खोटा व्हीपीएन आहे, तुमचा डेटा त्यांच्या सर्व्हरवर जात नाही. ऍपमधनं बाहेर निघणारी प्रत्येक हाक तो बघतो आणि ट्रॅकरच्या पत्त्यावर जाणारी असेल तर दारातच अडवतो.

आणि यादी दाखवतो, ती यादी तुम्ही एकदा बघाच. मी रात्री साडेनऊला वैनीच्या फोनवर चालू करून दिलं आणि सगळे झोपलो. सकाळी दूध तापवता तापवता दोघींनी मिळून उघडलं. रात्रभर फोन उशाशी पडून होता, कुणी हात लावला नव्हता, तरी बातम्यांचं एक ऍप, कपड्यांचं एक ऍप, आणि ते पाळीचं ऍप, तिन्ही रात्रभर हाका मारत होती. एकेका ऍपवर दाबलं की कुठल्या कंपनीच्या ट्रॅकरला अडवलं ते येतं, आणि तो ट्रॅकर साधारण काय काय गोळा करतो ते पण येतं, फोनचा ब्रँड, स्क्रीनची साईझ, बॅटरी किती, जागा किती शिल्लक, नेटवर्क कुठलं. वैनी म्हणाली, "माझी बॅटरी किती आहे ते ह्यांना कशाला ओ ताई?" तर त्याचं कारण हेच, की एकेकटी गोष्ट काहीच नाही, पण पाच-दहा एकत्र केल्या की लाखात तुमचा फोन वेगळा काढता येतो. पाळीच्या ऍपवर बोट ठेवून ती बराच वेळ बघत बसली. आणि हे काही आपल्याकडंच होतंय असं नाही. फ्लो नावाचं पाळीचं मोठं ऍप आहे, त्यानं बायकांची माहिती फेसबुक-गूगलसारख्यांना दिली म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगानं, एफटीसीनं, त्यांच्यावर कारवाई केली आणि २०२१ च्या जानेवारीत तडजोड झाली.

डकडकगोच्या दोन गोष्टी माहीत असूद्यात. एक म्हणजे ते फोनची व्हीपीएनची जागा अडवतं, त्यामुळं ऑफिसचा व्हीपीएन लागत असेल तर दोन्ही एका वेळी चालणार नाहीत. काही ऍप त्यांनीच आधीपासनं बाजूला ठेवलेली असतात कारण अडवलं तर ती बिघडतात, आणि मी पण एका पेमेंट ऍपला त्या यादीतनं सूट दिली, पैसे मध्येच अडकायला नकोत. दुसरी गोष्ट विश्वासाची. २०२२ च्या मे मध्ये एका संशोधकानं दाखवून दिलं की त्यांचा ब्राऊझर मायक्रोसॉफ्टच्या काही ट्रॅकरना सोडत होता, कारण सर्चचा करार मायक्रोसॉफ्टशी होता. त्यावर बराच बभ्रा झाला आणि ऑगस्टमध्ये त्यांनी ते अडवायला सुरवात केली. मला हे माहीत असून मी वापरते, कारण चूक उघडी पडल्यावर दुरुस्त केली आणि यादी माझ्या डोळ्यासमोर असते. पण कुणावरही डोळे झाकून विश्वास टाकू नये, हे पण खरंच. पाचात चार स्टार.

ज्यांना हे पण झेपत नाही, म्हणजे खानापूरच्या आमच्या मावशीसारखे, त्यांच्या फोनवर मी प्रायव्हेट डीएनएस लावते. डीएनएस म्हणजे साईटच्या नावावरनं तिचा पत्ता शोधून देणारी सोय, ही वेगळी लावली की ट्रॅकरचा पत्ताच सापडत नाही. अँड्रॉइड ९ पासनं सेटिंगमध्ये नेटवर्कच्या आत आहे, तिथं डीएनएस डॉट ऍडगार्ड हायफन डीएनएस डॉट कॉम असं इंग्रजीत टाकायचं आणि सेव्ह करायचं. परत बघायला लागत नाही, बॅटरी खात नाही. डकडकगोसारखी यादी दिसत नाही आणि सगळंच अडत नाही, पण दगडापेक्षा वीट मऊ. कधीमधी हॉटेलच्या किंवा लॉजच्या वायफायला यानं नेट लागत नाही, तेव्हा तेवढ्यापुरतं बंद करायचं.

आता ब्राऊझर, आणि हितं मला सगळ्यात मोठा धक्का बसला. ईएफएफ ही अमेरिकेतली संस्था आहे, तिची कव्हर युवर ट्रॅक्स नावाची टेस्ट आहे, पूर्वी पॅनॉप्टिक्लिक म्हणायचे. २०१० मध्ये त्यांनी पावणेपाच लाखाच्या आसपास ब्राऊझर तपासले तेव्हा ८३.६ टक्के अगदी एकमेव निघाले, म्हणजे तसा दुसरा सापडलाच नाही. हा आकडा ऐकून लोक हाय खातात, पण तो कॉम्प्युटरच्या जमान्यातला आहे. २०१८ मध्ये फ्रान्समध्ये वीस लाखाच्या वर फिंगरप्रिंटवर अभ्यास झाला त्यात एकमेव निघालेले ३३.६ टक्केच होते, आणि मोबाईलचे तर १८.५ टक्केच. कारण सरळ आहे, एका मॉडेलचे लाखो फोन आत-बाहेर सारखेच असतात, कॉम्प्युटरसारखी प्रत्येकानं वेगळी मोडतोड केलेली नसते. म्हणजे मोबाईलवाला गर्दीत मिसळू शकतो. टाईमझोनचं पण तसंच, अख्ख्या भारताला एकच घड्याळ, तिथं आपण कोट्यवधीत एक.

म्हणून मी निवांत होऊन माझ्या फोनवर टेस्ट लावली, आणि निकाल आला की तुमचा ब्राऊझर एकमेव आहे. खाली प्रत्येक गोष्टीपुढं ती किती दुर्मिळ ते लिहिलेलं असतं. मॉडेल साधंच, स्क्रीन साधीच, आणि भाषेच्या ओळीपुढं मात्र सगळ्यात मोठा आकडा. मी तो कितीतरी वेळ बघत बसले. माझ्या फोनमध्ये पहिली मराठी, दुसरी कन्नड, तिसरी इंग्रजी, चौथी हिंदी. फॉर्म भरायला कन्नड लागतं, आईशी मराठीत लिहिते, बाकी इंग्रजी, म्हणून तसं लावलंय, आणि ब्राऊझर प्रत्येक वेबसाईटला ही रांग त्याच क्रमानं पाठवत होता. पुण्यातल्या माणसाच्या फोनमध्ये कन्नड नसतं, बंगळुरातल्या माणसाच्या फोनमध्ये मराठी पहिली नसते. ही रांग बघून कुणीही सांगेल की हे बेळगाव, निपाणी, खानापूर नाहीतर कागवाडकडचं माणूस. सीमाभागाचा पत्ता आम्ही आमच्या भाषांतनंच देत होतो, लोकेशन बंद ठेवून सुद्धा.

एकानं सल्ला दिला की फोनच इंग्रजीत करून टाक, प्रश्न मिटला. हे मला पटलं नाही आणि पटणार पण नाही. दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षर राहावं म्हणून आमच्या आधीच्या दोन पिढ्या झटल्या, आणि मी जाहिरातवाल्यांना चुकवायला स्वतःच्या फोनमधनं मराठी काढू? तसं करायची गरजच नाही. फोन मराठीतच राहू दे, ब्राऊझरची भाषा वेगळी ठेवता येते. फायरफॉक्समध्ये ब्राऊझरपुरती भाषा निवडता येते, आणि २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासनं फोनच्या सेटिंगमध्येच एकेका ऍपला वेगळी भाषा देता येते. ब्रेव्ह ब्राऊझरमध्ये तर भाषेवरनं ओळख पटू नये यासाठी वेगळं बटणच आहे, ते चालू असलं की पूर्ण रांग न देता पहिलीच भाषा दिली जाते. मी फायरफॉक्सला इंग्रजी केलं, परत टेस्ट लावली, आणि तो भाषेचा आकडा एकदम खाली आला. मराठी साईट मराठीतच दिसतात, काही फरक पडत नाही. तीन महिन्यांत मला सगळ्यात जास्त समाधान कशाचं झालं असेल तर ह्या एका बदलाचं, कारण हे मला कुठं वाचून कळलं नव्हतं, आमच्या फोनवरनंच कळलं.

फायरफॉक्स का, तर त्यात अँड्रॉइडवर पण युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारं एक्सटेन्शन, म्हणजे ब्राऊझरला लावायची जोडणी, चालतं, मोबाईलच्या क्रोममध्ये एक्सटेन्शनच चालत नाहीत. ट्रॅकिंग प्रोटेक्शन स्ट्रिक्टवर ठेवायचं. ब्रेव्हची पद्धत वेगळी आहे, तो कॅनव्हाससारख्या गोष्टींचं, म्हणजे साईटनं फोनकडनं लपून चित्र काढून घेऊन केलेल्या तपासणीचं, उत्तर प्रत्येक साईटला थोडं थोडं बदलून देतो, त्यामुळं एका साईटनं घेतलेला ठसा दुसऱ्या साईटच्या ठशाला जुळत नाही. टेस्टमध्ये त्याचा निकाल रँडम फिंगरप्रिंट असा येतो आणि तो पण चांगलाच निकाल आहे. टॉर ब्राऊझर सगळ्यात पक्का, २०१९ पासनं अँड्रॉइडवर आहे, सगळ्यांना एकसारखं दाखवायचा प्रयत्न करतो, पण हळू चालतो आणि रोज भाजी-बाजाराच्या कामाला कुणी वापरणार नाही. वैनीला मी एवढंच सांगितलं, दवाखान्याचं काही बघायचं तर फायरफॉक्सच्या प्रायव्हेट टॅबमध्ये, आणि कुठंही लॉगिन न करता. क्रोमबद्दल एक चांगली गोष्ट पण सांगते, २०२३ पासनं तो साईटला तुमचं खरं मॉडेल आणि अँड्रॉइड कितवं ते आपणहून सांगत नाही, सगळ्यांचं अँड्रॉइड १० आणि मॉडेल के असं एकच पाठवतो. साईटनं मुद्दाम वेगळं विचारलं तर मात्र मॉडेल मिळतं.

व्हीपीएनबद्दल दुकानात फार विचारतात म्हणून थोडक्यात. व्हीपीएन आयपी, म्हणजे तुमच्या नेटचा पत्ता, लपवतो, बास. ऍडव्हर्टायझिंग आयडी, फिंगरप्रिंट, लॉगिन याला तो हात लावत नाही. आणि फुकटचा व्हीपीएन तर नकोच नको. ओनावो नावाचा व्हीपीएन फेसबुकनं २०१३ मध्ये विकत घेतला, लोकांना वाटायचं आपलं संरक्षण होतंय, आणि लोक कुठली ऍप किती वापरतात ते त्यातनं फेसबुकला कळत होतं. २०१८ मध्ये ऍपलच्या स्टोअरवरनं तो काढावा लागला आणि २०१९ मध्ये बंद पडला. आगीतनं निघून फुफाट्यात जायचं कशाला.

लोकेशनचा पण एक गैरसमज आहे, की बंद केलं म्हणजे झालं. इनमोबी ही भारतात सुरू झालेली जाहिरातीची कंपनी, २०१६ मध्ये अमेरिकेत तिला साडेनऊ लाख डॉलरचा दंड बसला, कारण लोकांनी लोकेशन नाकारलं असताना जवळपासचे वायफाय कुठले आहेत त्यावरनं ते ठिकाण काढत होते. म्हणून मी आता ऍपला लोकेशन तर देत नाहीच, पण आजूबाजूचे डिव्हाईस शोधू का असं विचारलं तरी टॉर्च आणि कॅलेंडरच्या ऍपला नको म्हणते. शिनोळीला फाटक ओलांडलं की टॉवर महाराष्ट्राचा लागतो आणि परत येताना कर्नाटकाचा, ते टॉवरचं आपल्या हातात नाही, पण हे आहे.

आणि ह्या सगळ्यावर पाणी फिरवणारी एक गोष्ट, मोबाईल नंबर. ओळखीचा हा सगळ्यात मोठा धागा आपण स्वतः आपल्या हातानं देतो. कपड्याच्या दुकानात बिल करताना, मॉलमध्ये, चष्म्याच्या दुकानात, मुलांच्या खेळाच्या जागी, सगळीकडं काउंटरवरची पोरगी आधी नंबर विचारते आणि आपण पोपटासारखे सांगतो. तो नंबर जाहिरातवाल्यांच्या यादीत जाऊन ऍपच्या लॉगिनमधल्या नंबराशी जुळवला जातो, मग तुम्ही फोनची कितीही ओळख लपवा, माणूस तोच निघतो. मी आता सरळ सांगते, "नंबर देत नाही, कागदावर बिल द्या." सुरवातीला एकीनं तोंड वाकडं केलं, पण बिल दिलं. दरवेळी देतातच. ऍपमध्ये पण जिथं नुसतं बघायचं आहे तिथं लॉगिन करत नाही. गेल्या महिन्यात आमच्याकडं येणाऱ्या एका मामांना हे समजावलं तर ते म्हणाले, "अगं, गावात सगळेच मला ओळखतात, लपवायचं काय?" मी म्हटलं, मामा, गावातली ओळखतात ती तुम्ही पण त्यांना ओळखता, हे तुम्हाला ओळखतात आणि तुम्हाला त्यांचं नाव पण माहीत नाही.

वैनीनं ते पाळीचं ऍप त्याच सकाळी काढलं. काढायच्या आधी त्यातलं अकाउंट आणि डेटा डिलीट करायला लावला मी, नुसतं अनइन्स्टॉल केलं तर त्यांच्याकडं गेलेलं तसंच राहतं. त्याच्या जागी ड्रिप नावाचं पाळीचं ऍप टाकून दिलं, त्याचा कोड उघडा आहे, म्हणजे कुणालाही तपासता येतो, आणि तारखा फोनमध्येच राहतात, कुठं पाठवल्या जात नाहीत. दिसायला साधं आहे, मराठी नाही, पण चार दिवसांत हाताला बसलं तिच्या. गूगलच्या अकाउंटमधनं माय ऍड सेंटर उघडून त्यात पर्सनलाईझ्ड जाहिराती बंद केल्या, आणि यूट्यूबची हिस्टरी पुसली, कारण आयडी डिलीट केला तरी अकाउंटवर जे साठलंय ते त्यानं जात नाही. दोन-तीन आठवड्यांत त्या जाहिराती कमी होत होत बंद झाल्या. जाहिराती येतातच, पण साबणाच्या आणि सिमेंटच्या, कुणालाही येतील तशा.

आईला शेवटी दादानंच सांगितलं, दिवाळीच्या फराळाला बसलो असताना. आई म्हणाली मला त्याच दिवशी कळलं होतं, तुम्ही सांगाल म्हणून थांबले. मग दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतःचा फोन घेऊन दुकानात आली, काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "माझ्या पण फोनचं ते काय असतंय ते काढून टाक." मी ऍड्समध्ये जाऊन आयडी डिलीट केला, डीएनएस लावला, आणि कधी कुणी टाकून ठेवलेले तीन गेम काढले. तेवढ्यात बाहेर झेरॉक्सला दोघं-तिघं थांबले होते, त्यातल्या एका आजोबांनी पण मागनं फोन पुढं केला.